लाल पट्टी आणि सोयाबीनचं पोतं

यवतमाळ जिल्ह्यातलं कोरडवाहू गाव. 21 ऑक्टोबर 2024, सोमवार. अंगणवाडीच्या ओट्यावर सेविकाताईंनी दंडघेराची पट्टी एका मुलीच्या डाव्या दंडाला गुंडाळली आणि माझ्याकडे पाहिलं. काटा लाल, म्हणजे तीव्र कुपोषणाच्या, रंगात होता. 11.1 सेंटीमीटर. मी पुन्हा मोजलं, तेवढंच आलं. वय चौदा महिने, वजन 6 किलो, लांबी 70 सेंटीमीटर. लांबीच्या मानाने वजन जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात उणे तीन प्रमाण विचलनाच्याही खाली, म्हणजे सरासरीपेक्षा फारच कमी. पायाच्या पंजावर अंगठा दाबून पाहिला, खड्डा राहिला नाही, म्हणजे सूज नव्हती. ताप नव्हता, श्वास शांत होता. मूल चिडचिडं, केस विटलेले, मांडीची कातडी सैल.

महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या मुलांपैकी 10.9 टक्के मुलं अशा तीव्र कुपोषणात असल्याचं पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात नोंदलं आहे. देशाचा आकडा 7.7. आमच्या कामाच्या बोलीत अशा बाळाला 'सॅमचं बाळ' म्हणतात; सॅम हे तीव्र कुपोषणाच्या इंग्रजी नावाचं लघुरूप. या एका बाळाची हकीकत मी सविस्तर लिहिते आहे. दुधाची भुकटी न वापरता, आमच्याच शिवारातल्या धान्यातून उपचाराचं अन्न करता येईल का, हा प्रश्न मला त्या घरात पहिल्यांदा नीट कळला. तोवर मी तो फक्त बैठकांमध्ये ऐकत होते. मी ग्रामीण भागात आहार सल्लागार म्हणून काम करते. घरच्यांची ओळख पटेल असं काहीही इथे दिलेलं नाही.

घर दोन खोल्यांचं. बापाकडे दीड एकर, बाकी मजुरी. ओसरीत सोयाबीनची पोती थप्पीला लावलेली, कारण आठवड्यापूर्वीच मळणी झाली होती. त्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता आणि बाजारात त्याहून बराच कमी भाव मिळत होता, म्हणून माल अडकून पडलेला. त्या पोत्यांना टेकून आजी नातीला मांडीवर घेऊन बसली होती. मी विचारलं, हे घरी खाता का? आजी हसली. "सोयाबीन कोनी खाते काय बाई? ते त इकाले असते."

हे वाक्य मी नंतर कितीतरी घरांत ऐकलं. सोयाबीनच्या दाण्यात शंभर ग्रॅममागे जवळजवळ छत्तीस-चाळीस ग्रॅम प्रथिनं असतात. तुरीच्या किंवा हरभऱ्याच्या डाळीत वीस-बावीस. विदर्भात इतक्या शेतांवर उभं राहणारं हे पीक स्वयंपाकघरात मात्र येतं ते तेलाच्या पुड्यातून, प्रथिनांशिवाय. कच्च्या दाण्याला वास असतो, तो नुसता उकडला तरी लवकर मऊ होत नाही आणि नीट न शिजवता खाल्ला तर पोट बिघडतं. म्हणून आजीचं वाक्य अडाणीपणाचं नव्हतं, अनुभवाचं होतं.

मुलगी दिवसभरात काय खायची? सकाळी कोरा चहा आणि त्यात बुडवलेलं बिस्कीट. दुपारी वरणाचं पाणी आणि चार घास भात. मधे दादाच्या हातातल्या पाच रुपयांच्या पाकिटातलं काहीतरी. संध्याकाळी भाकरीचा कुस्करा. अंगावरचं दूध चालू होतं, पण आई सकाळी सातला कापूस वेचायला निघून अंधार पडताना परत यायची. वेचणीची मजुरी किलोवर असते, त्यामुळे मधे घरी येणं म्हणजे पैसे सोडणं. घरची बकरी लग्नात विकली होती. "दूध कुठून आनू माय," आई म्हणाली, "चहातलंच पुरत नाय."

भूक चाचणी घेतली तेव्हा मुलीने अन्न चाटलं आणि गिळलंही. भूक शाबूत, गुंतागुंत नाही, म्हणजे पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल करण्याची वैद्यकीय गरज नव्हती. तिथे दोन आठवडे राहायचं म्हटल्यावर आईचे डोळे भरले होते, तो प्रश्न आपोआप सुटला. बालरोगतज्ज्ञांनी अमॉक्सिसिलीन, जंतांचं औषध आणि अ जीवनसत्त्वाचा डोस दिला, आणि मुलीला गावच्या ग्राम बाल विकास केंद्रात घ्यायचं ठरलं. केंद्र अंगणवाडीतच भरतं. अडचण इतकीच की त्या महिन्यात केंद्रासाठी येणारी ऊर्जादायी आहाराची पाकिटं आली नव्हती. कधी येतील हे सेविकाताईंना कोणी सांगितलं नव्हतं.

पहिले तीन आठवडे

मग आम्ही पहिल्या वेळी जे करतात तेच केलं. खिचडीत तेल घालायला सांगितलं, सातूचं पीठ दिलं, शेंगदाण्याची चिक्की दिली, अंडं दिलं. मधे दिवाळी आली. शेव आणि चकलीचे तुकडे पोरीच्या हातात होते, ती खूष होती. 11 नोव्हेंबरला वजन केलं: 6 किलो 80 ग्रॅम. तीन आठवड्यांत ऐंशी ग्रॅम.

त्या रात्री मी बसून हिशेब मांडला, आणि त्यात माझी चूक मला सरळ दिसली. तीव्र कुपोषणातून बाहेर पडायला मुलाला दर किलो वजनामागे दिवसाला 150 ते 185 किलोकॅलरी लागतात, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या मार्गदर्शक सूचनांत आहे. सहा किलोच्या मुलीला म्हणजे नऊशे ते अकराशे. एवढ्या लहान पोटात एका वेळी साधारण दोनशे मिलिलीटर मावतं. पातळ पेज किंवा वरणाचं पाणी शंभर मिलिलीटरला चाळीस किलोकॅलरीच्या आसपास असतं. दिवसातून पाच वेळा पोट भरलं तरी चारशे! तिचं पोट भरत होतं आणि शरीर उपाशी होतं. "पोटभर खाते" हे आजीचं म्हणणं अगदी खरं होतं.

सातूसारख्या मिश्रणाची ताकद मला माहीत होती. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं जुनं 'हैदराबाद मिक्स' आहे: भाजलेले गहू 40 ग्रॅम, हरभरा 16, शेंगदाणे 10, गूळ 20. एवढ्यात 330 किलोकॅलरी आणि 11.3 ग्रॅम प्रथिनं मिळतात. हे पूर्णपणे वनस्पतीचं अन्न आहे आणि चांगलं आहे. पण त्यात पाणी घालून भरवायला गेलो की निम्म्याहून जास्त ताकद पाण्याने खाल्ली जाते, आणि स्निग्धांश तर मुळातच कमी आहे. वजन कमी पडलेल्या मुलासाठी ते ठीक, लाल पट्टीतल्या मुलासाठी अपुरं.

उपचाराचं तयार अन्न वेगळं असतं ते इथेच. आंद्रे ब्रियां आणि मिशेल लेस्कान यांनी 1996 मध्ये शेंगदाण्याची पेस्ट, साखर, तेल, दुधाची भुकटी आणि जीवनसत्त्व-खनिजं एकत्र करून 'प्लंपीनट' बनवलं. 92 ग्रॅमच्या पाकिटात 500 किलोकॅलरी. पाणी नसतं, म्हणून जंतू वाढत नाहीत, शिजवावं लागत नाही आणि मुलाच्या तोंडात थेट पिळता येतं. भारतात त्यावर खूप वाद झाला. महिला व बालविकास मंत्रालयाने ऑगस्ट 2017 मध्ये राज्यांना पत्र पाठवून ही पाकिटं सरकारी धोरणात बसत नाहीत असं कळवलं. पाकिटातून मुलांना खायची सवय लागेल, घरचं अन्न मागे पडेल, बाजार शिरेल, हे आक्षेप मला पटत आले आहेत. पण 6 किलो 80 ग्रॅमच्या पानासमोर बसून मला दुसराही आक्षेप तितकाच खरा वाटला: घरच्या अन्नाच्या नावाखाली आपण या मुलीला पेज पाजत होतो.

दिल्ली, उदयपूर आणि वेल्लोरला मिळून 906 मुलांवर झालेली चाचणी 2016 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात स्थानिक पातळीवर तयार केलेलं उपचाराचं अन्न खाणारी 56.9 टक्के मुलं सोळा आठवड्यांत बरी झाली. कंपनीच्या कारखान्यातल्या तयार अन्नावर 47.5 आणि घरी मुद्दाम ताकदवान करून दिलेल्या अन्नावर 42.8 टक्के. म्हणजे घरचं अन्न अगदीच निकामी नाही, आणि स्थानिक पातळीवर बनवलेलं अन्न कारखान्यातल्याहून कमीही नाही.

दुधाची भुकटी काढून टाकली तर?

या अन्नातला सगळ्यात महाग घटक दुधाची भुकटी. तीच काढता आली तर बचत गटाच्या बायका गावात हे करू शकतील, हा माझा पहिला विचार. पण तो विचार आधी कुणाकुणाला सुचला आणि त्यांचं काय झालं हे वाचलं. सोया, मका आणि ज्वारीचं दूधविरहित अन्न झांबियात वापरून पाहिलं तेव्हा दोन वर्षांच्या आतल्या मुलांत ते दूधवाल्या अन्नापेक्षा कमी पडलं. आमची ही लाल पट्टीतली मुलगी चौदा महिन्यांची, म्हणजे नेमकी त्याच वयाची. नंतर त्याच तिन्ही धान्यांच्या अन्नात अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनं ज्यांची बनतात ते घटक, मिसळून मलावीत चाचणी झाली. 2017 मधल्या त्या अहवालात ते दूध-शेंगदाण्याच्या अन्नाइतकंच परिणामकारक ठरलं. दोन्ही वाचून मला एक गोष्ट उलगडली. दुधाशिवाय काम होतं, पण दूध जे जे करतं त्या प्रत्येकाची जागा कशाने तरी भरावी लागते. धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी, डाळीत मेथिओनिन हे दुसरं कमी. दोन्ही एकत्र आल्यावरच प्रथिनं कामी लागतात. शिवाय धान्य आणि डाळींतलं फायटेट नावाचं द्रव्य जस्त आणि लोह अडवून ठेवतं, म्हणून भिजवणं, मोड आणणं, भाजणं ही सगळी कामं चवीसाठी नसतात. आणि पोटॅशियम, मॅग्नेशियम, जस्त, तांबं हे बाहेरून न मिसळता वजन नीट वाढत नाही, चरबी आली तरी मांस भरत नाही.

बांगलादेशात मिरपूरच्या वस्तीत 2021 साली प्रसिद्ध झालेलं एक काम मला जास्त जवळचं वाटलं. हरभऱ्याचं पीठ, सोयाबीनचं पीठ, शेंगदाणा आणि कच्चं केळं. हे चार पदार्थ निवडले होते ते मुलांच्या आतड्यातल्या उपयोगी जंतूंना खाऊ घालण्यासाठी. तिथल्या नेहमीच्या पूरक अन्नापेक्षा त्यात कॅलरी कमी होत्या, तरी मुलांची वाढ सरस झाली. ती मुलं मध्यम कुपोषणातली होती, म्हणून हे लाल पट्टीला जसंच्या तसं लावता येत नाही. तरी यादी वाचताना मला ओसरीतली पोतीच दिसली.

बालरोगतज्ज्ञांशी बोलून, त्यांच्या देखरेखीखाली, पाकिटं येईपर्यंत आम्ही जी पेस्ट केली तिचं शंभर ग्रॅमचं माप असं होतं: भाजलेले शेंगदाणे 30 ग्रॅम, सोयाबीनचं पीठ 15, फुटाण्याची डाळ 10, मोड आणून वाळवलेल्या ज्वारीचं पीठ 5, पिठीसाखर 22, तेल 16, आणि जीवनसत्त्व-खनिजांचं संमिश्रण 2. हिशेबाने 520 किलोकॅलरी. त्यातले साधारण बारा टक्के प्रथिनांतून आणि साठ टक्क्यांच्या आत स्निग्धांशातून. संमिश्रण डॉक्टरांनी मिळवून दिलं. ते नसतं तर मी हे केलं नसतं.

करण्यात जे शिकले ते कोणत्याही तक्त्यात नव्हतं. सोयाबीन रात्रभर भिजवून, अर्धा तास उकळून, सालं चोळून काढून, वाळवून मग भाजलं. उकळल्याने पचन अडवणारा घटक मरतो, हे बचत गटाच्या अध्यक्षबाईंना मी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा त्यांनीच दुसऱ्या बाईला सांगितलं. शेंगदाणे निवडताना काळपट, सुरकुतलेला, बुरशीचा एकही दाणा राहू द्यायचा नाही, कारण ओलसर शेंगदाण्यात अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष येतं आणि ते यकृताला धोक्याचं आहे. फुटाणे गावच्या बाजारातल्या भट्टीवरून आणले. गटातल्या एकीने डाळीऐवजी स्वस्त लाखोळी सुचवली. लाखोळी मात्र नाही, तिने पाय लुळे पडतात, हे मी ठासून सांगितलं. जास्तीत जास्त त्रास दळण्याचा. चक्कीवरचं पीठ कितीही बारीक दळलं तरी पेस्ट रवाळ झाली आणि पहिल्याच घासाला मुलीने ती जिभेने बाहेर ढकलली. दुसऱ्या दिवशी पीठ मलमलच्या कापडातून चाळलं, शेंगदाणे मिक्सरमध्ये तेल सुटेपर्यंत वाटले, आणि त्यात बाकीचं मिसळलं. तेव्हा ती पेस्ट बोटाला चिकटली आणि मुलीने बोट चोखलं.

बाजारभावाने एका किलोला संमिश्रण सोडून शंभर रुपयांच्या आत-बाहेर खर्च आला.

11 नोव्हेंबर ते 27 जानेवारी

सुरुवातीचं माप रोज 200 ग्रॅम, सहा भागांत, प्रत्येक भागानंतर उकळून गार केलेलं पाणी, आणि आधी अंगावरचं दूध. पहिल्या आठवड्यात दोन तृतीयांश खाल्लं. 20 नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान होतं, त्या आठवड्यात वजनकाटा बाहेरच निघाला नाही. 25 तारखेला 6 किलो 450 ग्रॅम. आजी काट्याजवळ वाकून म्हणाली, "जड लागून राह्यली नं बाई?" चौथ्या आठवड्याला 6.7.

पाचव्या आठवड्याला वजन घसरलं. 6.55. जुलाब आणि थोडा ताप. वेचणी ऐन भरात, आई पहाटेच निघायची. डबा पाहिला तर हिशेबापेक्षा लवकर रिकामा होत होता. मी रागावले नाही, पण विचारलं. आजी गप्प राहिली. चार वर्षांच्या दादाने स्वतःच सांगितलं, "मी भाकरीले लावून खातो. गोड लागते." त्याच्या दंडाला पट्टी लावली तर तोही हिरव्यात काठावर. त्याला खाऊ नको म्हणायचा अधिकार मला नव्हता. घरात एकच गोड डबा आणि दोन भुकेली मुलं असतील तर औषध वाटलं जाणारच. आजीचं मन दोघांना सारखंच बांधलेलं.

त्याच दिवशी ठरलं. दादासाठी शेंगदाणा-गुळाचे लाडू वेगळ्या डब्यात. मुलीचा डबा अंगणवाडीत, कुलुपात. अकराला आणि तीनला मदतनीसबाई स्वतः मांडीवर घेऊन भरवणार. सकाळचा भाग आई निघण्याआधी, बाकीचे आजी. जुलाबाला ओआरएस आणि जस्ताच्या गोळ्या. मदतनीसबाईंना या कामाचं वेगळं काही मिळत नव्हतं. तरी त्यांनी सात आठवडे एकही दिवस चुकवला नाही, रविवारीसुद्धा. मला वाटतं या प्रकरणात सोयाबीनइतकंच महत्त्व त्या दोन वेळांना होतं, आणि कोणत्याही खर्चाच्या तक्त्यात त्यांचा रकाना नसतो.

सातव्या आठवड्याला 6.9, नवव्याला 7.2. मुलगी उभी राहून पाय आपटायला लागली, चिडचिड गेली, मदतनीसबाईंना पाहून हात वर करायची. 27 जानेवारी 2025 ला वजन 7.4 किलो, दंडघेर 12.6 सेंटीमीटर, लांबी दीड सेंटीमीटरने वाढलेली. पट्टी हिरवी. लांबीच्या मानाने वजनही उणे दोनच्या वर आलं. रोज किलोमागे तीन ग्रॅमच्या जरा खाली अशी ही वाढ. पुनर्वसन केंद्रात मुलं याहून वेगाने वाढतात, पण घरी, वेचणीच्या हंगामात, एवढी वाढ मला मोलाची वाटली. सगळी मिळून बारा-तेरा किलो पेस्ट लागली.

हे कशामुळे झालं ते वेगवेगळं करून सांगता येत नाही. औषधं होती, अंगावरचं दूध होतं, मदतनीसबाईंच्या मांडीवरच्या दोन वेळा होत्या. एका मुलीवरून कोणी पेस्टचं माप गावोगाव वाटू नये. हे मी लिहिते आहे ते विशेषतः त्या लोकांसाठी, जे सातूचा लाडू आणि उपचाराचं अन्न यांना एकच समजून 'आपलं गावरान पुरे' म्हणतात. मीही तेच म्हणत होते, आणि तीन आठवडे घालवले. शिवारातल्या धान्यातून हे अन्न होतं, यावर माझा विश्वास बसला आहे. पण ते प्रयोगशाळेत तपासलेलं, बारीक दळलेलं, खनिजं मोजून घातलेलं असावं, आणि ते काम जिल्ह्याच्या पातळीवर गिरणी, भट्टी आणि तपासणी एकत्र बांधून व्हावं. प्रत्येक अंगणवाडीत बाईने मलमलचं कापड घेऊन बसावं, ही अपेक्षा चुकीची आहे.

जुलैमध्ये पुन्हा गेले. पेरणी उरकली होती, पाऊस लागला होता, आजी नातीला ओसरीत खेळवत होती. मुलगी तेवीस महिन्यांची, चालती, माझ्या पिशवीत हात घालणारी. दंडघेर 12.3. पिवळी पट्टी. खोकला दोन आठवड्यांचा, आणि आई निंदणीला जात होती. डॉक्टरांना फोन केला, मुलीला दुसऱ्या दिवशी दाखवायला बोलावलं. अर्ध्या मापाने पेस्ट सुरू करायची ठरली. गटाच्या बायका तयार होत्या, शेंगदाणे निवडूनही ठेवले. संमिश्रणाचा डबा मात्र जानेवारीतच संपला होता, आणि नवा मिळवायला मी त्या दुपारीच तालुक्याच्या बसमध्ये बसले.